डाव्या मडगार्डचे बोल्ट

बॉनेटखालचे बोल्ट सोडवून ताईने ते दोन ट्रेमध्ये मांडले आणि तिथेच तिचं डोकं चालेनासं झालं. डाव्या मडगार्डचे बोल्ट काळपट होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक बारीकसा बाण उठवलेला होता. उजव्या मडगार्डचे बोल्ट पिवळसर होते आणि त्यांची डोकी कोरी होती. गाडी एक, कारखाना एक, मग बोल्ट दोन तऱ्हेचे कसे?

"एक बाजू दिवसपाळीनं बसवली असेल, दुसरी रात्रपाळीनं," धाकटा म्हणाला.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. त्याचं वह्या-पेनांचं दुकान होतं, आणि कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. गाडी त्यांच्या बाबांची. बाबा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले आणि सुट्टीच्या दिवशी ही शेवाळी रंगाची, वाटोळ्या दिव्यांची गाडी. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. बाबा गेले आणि गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली गेली. आईला गॅरेजची ती जागा शिवणाच्या मशीनसाठी हवी होती. "एक तर तिला चालती करा, नाही तर कुणाला तरी देऊन टाका," असं तिनं दोघांनाही बजावलं होतं. शेवटी धाकट्यानंच टूम काढली. जुन्या गाड्यांच्या क्लबचं प्रदर्शन होतं आणि त्यात 'कारखान्यातून निघाली तशी' असा एक गट होता. गाडी त्यात उतरवायची.

बोल्टांचं काम ताईकडे आलं ते तिच्या धंद्यामुळे. ती कवळ्या बनवायची. शेजारच्या दाताशी नव्या दाताचा रंग जुळवताना पांढऱ्याच्या किती छटा असतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे धाकट्यानं चकचकीत स्टेनलेसच्या बोल्टांचा पुडा आणून समोर ठेवला तेव्हा तिनं तो उघडलासुद्धा नाही.

"परत कर. हे लावले तर बॉनेट उघडल्यावर भांड्यांची मांडणी दिसेल."

"गंजणार नाहीत ना पण!"

"कारखान्यानं लावले होते ते गंजणारेच होते. आपल्याला तसेच हवेत."

तसे म्हणजे कसे, हे मात्र तिलाही सांगता येईना. म्हणून तिनं क्लबच्या परीक्षकांना फोन लावला. हे गृहस्थ नोकरीत असताना दुकानांमधली वजनमापं तपासायचे. क्लबात सगळे त्यांना मिलिमीटरकाका म्हणत आणि त्यांना ते आवडायचं.

"बाण आहे का डोक्यावर?" त्यांनी विचारलं.

"डावीकडच्यांवर आहे."

"मग तेच अस्सल. फॉस्फेटचा काळा थर, वर तेलाचा हात. उजवीकडचे कुणीतरी मागाहून घुसडलेत. काढून टाका."

"पण हे कशावरून ठरलं, काका?"

"कशावरून म्हणजे? डॉक्टरीणबाईंची गाडी बघा जाऊन. आपल्या क्लबात त्या गाडीवरूनच सगळं ठरतं."

ताईचं निम्मं समाधान झालं. ती बाणाचे बोल्ट घेऊन प्लेटिंगवाल्याकडे, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्याकडे गेली. त्याच्या कारखान्यात आंबट वास भरलेला असायचा आणि तो माणूस बोलताना हातातला रबरी मोजा सारखा खालीवर करायचा.

"नवे दिसायला हवेत की जुने?"

"कारखान्यातून आल्यासारखे."

"म्हणजे नवे."

"हो, पण तेव्हाचे नवे. आताचे नवे नकोत."

मोजा वर गेला तो खाली येईना. "ताई, तेव्हाचं नवं कसं असतं हे सांगायला तेव्हाचं कोणी शिल्लक आहे का?"

त्यानं तिला नमुने करून दिले. एक करड्याकडे झुकणारा, एक कोळशासारखा, एक किंचित हिरवट. कारखान्याच्या ट्यूबलाइटखाली करडा बरोबर वाटला. रस्त्यावर उन्हात आल्यावर कोळसा बरोबर वाटला. घरी गॅरेजच्या पिवळ्या दिव्याखाली हिरवट असा काही जुळला की तिनं कपाळावर हात मारला. दातांचं बरं होतं, समोर माणूस तोंड उघडून बसलेला असायचा.

शेवटी भाऊबहीण डॉक्टरीणबाईंची गाडी बघायला गेले. बाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. आता दवाखाना बंद करून शेजारच्या गावी राहत होत्या. गाडी त्यांच्या अंगणातल्या शेडमध्ये उभी होती, अगदी बाईसाहेबांच्या थाटात. त्यांनी स्वतः बॉनेट उघडलं. दोन्ही बाजूंना काळे बोल्ट आणि प्रत्येकावर बाण. ताईनं तिन्ही नमुने त्यांच्याशेजारी धरून पाहिले. करडा जुळला. तिला एकदम हलकं वाटलं.

"तुमची गाडी कुठली?" बाईंनी विचारलं.

धाकट्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. बाईंनी चष्मा वर केला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ही लिफ्टवाल्यांची गाडी ना? अरुंद गॅरेजमध्ये उभी असायची ती?"

"आमचे बाबा," ताई म्हणाली. "तुम्ही ओळखता त्यांना?"

बाई चष्मा खाली करून हसल्या. "अहो, मी ही घेतली तेव्हा हिच्यातून लोक शेळ्या नेत होते. बोल्ट म्हणून जे काही होतं ते बोटांत भुगा व्हायचं. बरोबर बोल्ट कसा असतो हे बघायला दुसरी गाडी कुठे सापडेना. शेवटी तुमच्या वडिलांचा पत्ता लागला. एक अख्खी दुपार त्यांनी मला बॉनेटमध्ये डोकं घालून बसू दिलं. मी बोल्ट मोजले, चित्रं काढली आणि बाणाचा छाप पाडून सगळे नवे करून घेतले."

ताईला जरा वेळानं त्यातलं खरं ते उमगलं. "म्हणजे तुमची गाडी आमच्या गाडीवरून केलीय?"

"अगदी."

"आणि क्लबातल्या बाकी सगळ्या गाड्या तुमच्या गाडीवरून?"

"तसंच म्हणायचं."

"पण आमच्या उजव्या बाजूला बाण नाहीतच!"

"उजवी बाजू मी पाहिलीच नाही. ती बाजू भिंतीला लागून होती, मधून मांजरसुद्धा गेलं नसतं. म्हटलं, एक बाजू अशी तर दुसरीही तशीच असणार."

परतीच्या बसमध्ये धाकट्यानं दोघांची तिकिटं काढली. ताई आपलीच गाडी बघायला एवढ्या लांब गेली होती.

घरी आल्यावर तिनं आईला विचारलं. बाबांनी एकदा गाडी फाटकाच्या खांबावर घातली होती हे भावंडांना माहीत होतं. अख्ख्या वसाहतीला माहीत होतं. वसाहतीतल्याच एका साहेबांच्या बंगल्याच्या फाटकाचा तो खांब होता आणि त्यानंतर कितीतरी वर्षं लोक बाबांना फाटकतोडे म्हणत. लिफ्ट सरळ वरखाली नेतो आणि गाडी सरळ पुढे नेता येत नाही, असं म्हणून हसत. बाबाही हसायचे.

"आई, तेव्हा गाडी कुठल्या बाजूनं ठोकली होती गं?"

आई भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "माझ्या बाजूनं."

"आणि दुरुस्त कुणी केली?"

"ह्यांनीच. कितीतरी रविवार गेले त्यात."

स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे आईची बाजू डावी. म्हणजे डावं मडगार्ड बाबांनी काढून बसवलेलं आणि बाणाचे बोल्टही बाबांनीच घातलेले. उजवीकडचे कोरे, पिवळसर, तेच कारखान्याचे. मिलिमीटरकाका, डॉक्टरीणबाई आणि सगळा क्लब चुकीचा. ताई दुसऱ्या दिवशी प्लेटिंगवाल्याकडे जाऊन म्हणाली, काळं राहू द्या, पिवळं झिंक करायचंय.

हे बाणाचे बोल्ट बाबांनी आणले कुठून, हा प्रश्न तिला तेव्हा पडलाच नव्हता. तो पडला पुढच्या आठवड्यात. ती कवळ्या बनवायची त्या इमारतीतली लिफ्ट बंद होती आणि दुरुस्ती करणारा माणूस जिन्याशी सामान पसरून बसला होता. त्याच्या डब्यात काळे बोल्ट होते. ताई सहज वाकली. डोक्यावर बाण.

"हे बाजारात मिळतात?" तिनं विचारलं.

"छे. आम्हाला कंपनीतून येतात. बाहेर कुठे पाहिले नाहीत मी."

बाबा त्याच कंपनीत होते.

त्या दिवशी तिनं एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कवळीत सुळा उलटा बसवला आणि संध्याकाळपर्यंत तिला ते कळलं नाही. घरी येऊन तिनं धाकट्याला गॅरेजमध्ये बोलावलं आणि दार ओढून घेतलं.

"बाबांनी कामावरचे बोल्ट आणले असतील?"

"आणले म्हणजे?"

"म्हणजे आणले. न विचारता."

धाकटा गाडीच्या पायरीवर बसला. "बाबा? आपल्याला दुसऱ्याच्या झाडाचं फूल तोडू न देणारे बाबा?"

"मग हे कसे आले इथे?"

"तू कशाला गेलीस वाकून बघायला!"

भांडण नक्की कुणाशी करायचं हे ताईला ठरवता येईना. तिनं मिलिमीटरकाकांना फोन करून सांगितलं की तुमचे अस्सल बोल्ट लिफ्टचे आहेत. काका म्हणाले, "बोल्ट बनवणारा एकच असेल. त्यानं लिफ्टवाल्यांनाही विकले असतील आणि गाडीवाल्यांनाही. नाही कशावरून?" हेही खरंच होतं. नाही कशावरून? तिनं डॉक्टरीणबाईंनाही कळवलं. त्या आधी खो खो हसल्या आणि नंतर म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं लिफ्ट चालवतेय की काय!" पण फोन ठेवताना त्यांचा आवाज उतरला होता.

दोघांची कुजबुज किती दिवस लपणार? रविवारी आई गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय तुमचं? जेवताना एकमेकांकडे बघत नाही तुम्ही."

ताईनं टाळायचा प्रयत्न केला. धाकट्यानं सांगून टाकलं. बाण, लिफ्ट, डावं मडगार्ड, सगळं.

आईचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "ह्यांनी? कामावरचं सामान? अरे, एकदा खिशात चुकून कंपनीची पेन्सिल आली तर ती परत द्यायला भर उन्हात गेले होते ते! ते बोल्ट बाजारातून विकत आणले होते. मी होते बरोबर. पिवळे होते."

"पिवळे उजवीकडे आहेत, आई."

"मग उजवीकडेच तर ठोकली होती."

"तू म्हणालीस, माझ्या बाजूनं!"

"हो. माझ्याच."

"आई, तू डावीकडे बसतेस."

"बसले होते कोण?" आई म्हणाली. "मी चालवत होते."

ताईच्या हातातला पाना तसाच राहिला. धाकटा म्हणाला, "काय चालवत होतीस?" आणि आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत पायरीवर बसला.

"गाडी. अजून काय चालवणार? ह्यांनी शिकवली होती. बऱ्यापैकी यायला लागली होती मला. वळणावर साहेबांच्या फाटकातून एक सायकल आली, मी ती चुकवली आणि खांब लागला. माझ्याकडे लायसन्स नव्हतं. साहेब, पहारेकरी, सगळे धावत येईपर्यंत ह्यांनी मला उठवून पलीकडे सरकवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मीच घातली म्हणाले. झालं."

"आणि आयुष्यभर फाटकतोडे म्हणवून घेतलं?" ताई म्हणाली.

"मी म्हटलं होतं, खरं सांगूया. ते म्हणायचे, मला काय फरक पडतो, लोकांची करमणूक होतेय. पण मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. ते म्हणायचे, चल, चालव. मीच नाही म्हणायची." आई पदराशी चाळा करत राहिली. मग एकदम करड्या आवाजात म्हणाली, "आणि तुम्ही त्यांना चोर ठरवलंत."

ती आत गेली. ताईला रडू येत होतं आणि हसूही. शिवाय डाव्या-उजव्याचं गणित आता पुन्हा पहिल्यापासून मांडायचं होतं. तिनं बॅटरी घेतली आणि डाव्या दाराची बिजागरी पाहायला वाकली. तिथे या दोघांनी काहीच उघडलं नव्हतं. वंगणाचा जाड थर फडक्यानं पुसला तशी खालून शेवाळी रंगाची सलग साय दिसली. दारावरून बिजागरीवर, बिजागरीवरून बोल्टच्या डोक्यावर. कुठे तडा नाही, पान्याचा ओरखडा नाही. कारखान्यानं रंग मारल्यापासून त्या बोल्टला कुणीही हात लावला नव्हता. आणि रंगाखाली, बोट फिरवलं की लागावा इतका, बाण होता.

"धाकट्या," ती म्हणाली, "इकडे ये आणि मला वेड लागलेलं नाही एवढं सांग."

त्यानंही बोट फिरवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "म्हणजे मिलिमीटरकाका बरोबर होते?"

"बरोबर होते. का बरोबर होते हे त्यांना माहीत नव्हतं."

आधी ती आत जाऊन आईजवळ बसली. आईनं तिच्या हाताचं वंगण पाहून साबण पुढे केला. मग ताईनं फोन केले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता नक्की ठरवा बाई, मी माझ्या गाडीकडे कुठल्या तोंडानं बघू?" तरीही त्यांनी आपल्याकडचे जादा बोल्ट उजव्या मडगार्डसाठी पाठवून दिले. प्लेटिंगवाला तर तिला पाहून मोजाच काढून ठेवायला लागला.

"पुन्हा काळं?"

"पुन्हा काळं. तो करडा नमुना."

"ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

"काय सांगू," ताई म्हणाली. तिला खरंच सांगता आलं नसतं.

एक घोळ उरलाच होता. उजवीकडचे पिवळे बोल्ट कारखान्याचे नव्हते, पण बाबांच्या हातचे होते. ते काढायचे की ठेवायचे? तिनं एकदा काढले, एकदा बसवले, पुन्हा काढले. शेवटी आईला विचारलं.

"काढ," आई म्हणाली. "ते दिसले की मला तो खांब दिसतो. आणि ह्यांनी ते नाइलाजानं घातले होते. असे बाणाचे मिळावेत म्हणून दुकानं पालथी घातली होती. कामावर ढीग पडलेले असायचे, पण त्यातला एक आणला नाही."

मग काढणं सोपं गेलं.

प्रदर्शन एका मोठ्या मैदानावर होतं. मिलिमीटरकाका आले, बॉनेटखाली वाकले, भिंगातून बोल्ट पाहिले, फॉस्फेटवर बोट फिरवून वास घेतला. त्यांची मान समाधानानं हलत होती.

"निर्दोष," काका म्हणाले. "दोन्ही बाजू कारखान्याच्या."

"उजवी नाही," आई म्हणाली.

धाकट्यानं डोळे मिटले.

"उजवीकडचे बोल्ट नवे आहेत. ती बाजू मी खांबावर घातली होती. ह्यांनी नाही, मी. लोक उगाच त्यांना फाटकतोडे म्हणायचे. लिहून घ्यायचं असेल तर लिहून घ्या." ती हे फक्त काकांना सांगत नव्हती. तिचा आवाज आजूबाजूच्या गाड्यांपर्यंत जात होता आणि लोक माना वळवून बघत होते.

काका गोंधळले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, बोल्टांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "पण बोल्ट तर बरोबरच आहेत," ते पुटपुटले. "नवे असले तरी. की नवे आहेत म्हणून...?" ते लांब जाऊन उभे राहिले. शेवटी त्यांनी गाडीला दुसरा क्रमांक दिला. तो गुण दिल्यामुळे की कापल्यामुळे, हे त्यांनाही धड सांगता आलं नाही. पहिला अर्थातच डॉक्टरीणबाईंचा आला.

मैदान रिकामं होत आलं तेव्हा डॉक्टरीणबाई आईजवळ आल्या. "मग नंतर का नाही चालवलीत?"

"राहूनच गेलं."

"आता किल्ली कुणाकडे आहे?"

ताईनं किल्ली मुठीत घट्ट धरली होती. आईचं वय, ब्रेकची अवस्था, इतक्या महिन्यांची मेहनत, सगळं एकदम तिच्या डोळ्यांसमोर आलं. नाही म्हणावं असं तिला वाटलं, आणि ती हो म्हणाली. आई उजवीकडे बसली, ताई डावीकडे. हँडब्रेकवर हात ठेवावा की आईला ते अपमानास्पद वाटेल, हे न ठरल्यामुळे तिनं हात मांडीवर ठेवला.

गाडी आधी उसळली आणि बंद पडली. आईनं कुणाकडे न बघता पुन्हा सुरू केली. या वेळी ती निघाली. मैदानाच्या कडेनं, गवतावरून, हळूहळू. आईनं जीभ ओठांत धरली होती, सुईत दोरा ओवताना धरायची तशी. एक फेरी झाली. दुसरीला वेग वाढला. धाकटा मागून हात उंचावून धावत होता आणि काहीतरी ओरडत होता.

"हा काय म्हणतोय?" आईनं विचारलं.

ताईनं खिडकीतून मान बाहेर काढून ऐकायचा प्रयत्न केला. 'थांब' होतं की 'जा' होतं, वाऱ्यात काही कळेना.

"माहीत नाही," ती म्हणाली. "तू चालव."